तेवीस पूर्णांक आठ दशांश

४ जून

चि. किड्यास,
अनेक आशीर्वाद.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, उचललास तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून कोपऱ्यातला टाइपरायटर पुसून बसले. तोच, ज्याची फीत तू सहा वर्षांचा असताना वीतभर नव्हे, सगळी बाहेर ओढली होतीस. त्या दिवसापासून तुझं नाव किडा पडलं. पत्राखाली कार्बन घातलाय. माझ्याकडे प्रत राहील, तेव्हा "तू असं म्हणालीच नव्हतीस" हे चालणार नाही.

कामाचं बोलते. परीक्षा मंडळाचं परिपत्रक आलंय. ऑक्टोबरच्या टायपिंग परीक्षेपासून ज्या केंद्रात कलम चारप्रमाणे कॉम्प्युटर नसतील, त्या केंद्राची मान्यता रद्द. कलम चार काय म्हणतं ते ऐक. मेमरी सोळा जीबी. डिस्क पाचशे बारा जीबी. पडदा तेवीस पूर्णांक आठ दशांश इंच. आणि यंत्र पाच वर्षांहून जुनं नसावं.

माझे कॉम्प्युटर बारा. अकरा चालतात, बारावा नुसता मान देऊन बसवून ठेवलाय. मेमरी दोन-दोन जीबी, वय अकरा वर्षं. सकाळी बटण दाबते, खाली जाऊन रंगाच्या दुकानदाराशी चार शब्द बोलते, जिना चढून वर येते, तरी पडद्यावर चक्र फिरतच असतं. हे मला कबूल आहे. पण एकदा सुरू झाले की त्यांच्यावर टायपिंग होतं, आणि टायपिंगच्या परीक्षेत टायपिंगच करायचं असतं असा माझा चौतीस वर्षांचा समज आहे.

आपली शिंपीण तुला आठवत असेल, समोरच्या गल्लीत मशीन मांडून बसते ती. दोन वर्षं माझ्याकडे शिकतेय. कोर्टातल्या टंकलेखकाच्या जागेसाठी पंचेचाळिशीच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तिला जानेवारीत पंचेचाळीस पूर्ण होतील. म्हणजे ऑक्टोबरची परीक्षा तिची शेवटची. दुसरं केंद्र बसने तीन तासांवर, आणि तिथल्या जागा कधीच भरल्यात.

केंद्र मी बंद करणार नाही. हे विचारत नाहीये, कळवतेय. तू कॉम्प्युटर कंपनीतला माणूस, तेव्हा एवढंच सांग की ही मशीनं पळती कशी करायची.

तुझी,
मावशी


१२ जून

ती. मावशीस,
सा. न.

पत्र मिळालं. टाइप केलेला पत्ता बघून ऑफिसातल्या लोकांना वाटलं मला कोर्टाची नोटीस आली. दोघांनी तर धीर दिला.

मावशी, राग मानू नकोस, स्पष्ट लिहितो. आता थांबावंस. चौतीस वर्षं पुष्कळ झाली. दोन जीबीत हल्ली काहीही धड उघडत नाही, आणि तसं ओढूनताणून उघडलं तरी कलम चार आहेच. ते बदलणार नाही. मंडळाला कुणी कितीही पत्रं लिहिली तरी नाही, त्यामुळे तू लिहू नकोस.

तू माझ्याकडे राहायला ये. एक खोली रिकामीच आहे, खिडकीतून झाडं दिसतात. आई गेल्यावर तू मला तुझ्याकडे आणलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस, मीही विचारत बसणार नाही. शिंपीणबाईंना दुसऱ्या केंद्रात जागा मिळते का, ते मी बोलून बघतो.

तुझा,
किडा


१७ जून

चि. किड्यास,
आशीर्वाद, पण अर्धेच.

मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. मला मशीनं पळवायची होती, तू मलाच बसवायला निघालास. झाडं मला इथूनही दिसतात. पाण्याच्या टाकीमागे एक आहे, मला पुरतं.

आणि हे "तू लिहू नकोस" कुठून आलं? मंडळाला पत्र लिहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. आता आहे.

तू सांगितलं नाहीस ते मला वीजवाल्याने सांगितलं. पंखा दुरुस्त करायला आला होता. शिडीवरूनच म्हणाला, "बाई, माझ्या घरी चौदा वर्षांचा लॅपटॉप आहे, लिनक्सवर चालतो. मशीन म्हातारं होत नाही हो, त्याच्यावरचं ओझं वाढत जातं." मी म्हटलं, खाली ये आणि नीट सांग. तो खाली आला, चहा प्यायला आणि म्हणाला की मशीनवरची नेहमीची यंत्रणा काढून तिच्या जागी घालायचं हे लिनक्स फुकट असतं, हलकं असतं, आणि जुन्या मशीनसाठी वेगळे हलके प्रोग्राम असतात. मग म्हणाला, "तुमच्या भाच्याला विचारा ना, त्याला सगळं ठाऊक असणार." मला इतकी लाज वाटली की मी पंख्याकडे बघत राहिले.

कॉलेजात असताना रात्रंदिवस हेच करायचास ना तू? मग मला हे एका वीजवाल्याकडून का कळावं? मोठ्या कंपनीत गेल्यावर माणूस लहान मशीनला विसरतो का?

आता मुकाट्याने पायरी पायरीने लिहून पाठव. कागदावर. मेल वाचायला मशीन सुरू लागतं, आणि ते बंद असतानाच तर मला पुढचं वाचायचंय. क्लासच्या भिंतीवरचा नियम तुला पाठ आहे: समोर जे लिहिलंय तेच टाइप करावं, स्वतःची अक्कल चालवू नये. मी तो पाळेन. तू कधी पाळला नाहीस, म्हणून चार वर्षं माझ्याच क्लासात नापास होत राहिलास.

तुझी,
मावशी


२६ जून

ती. मावशीस,
सा. न.

हरलो. पत्रासोबत लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह पाठवतोय, कापसात गुंडाळून.

तुझ्या पत्रानंतर रविवारी माळ्यावरून माझा कॉलेजातला लॅपटॉप उतरवला. धूळ इतकी की त्यावर बोटाने सही करता आली असती. त्याच्यावर आधी करून बघितलं, मगच लिहितोय. जेवायची आठवण राहिली नाही. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

आधी सगळ्या मशीनवरची कागदपत्रं बाजूला काढून घे, कारण डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे. मग पेनड्राइव्ह लाव, मशीन सुरू कर आणि लगेच एफ बारा दाबत राहा. यादी येईल, त्यात पेनड्राइव्ह निवड. मग "इन्स्टॉल". पुढचे प्रश्न क्रमाने वेगळ्या कागदावर लिहिलेत, समोर उत्तरं आहेत. भाषेच्या जागी मराठी. मराठी कीबोर्ड आतच असतो, वेगळा काही आणून बसवू नकोस. मशीनचं नाव विचारेल, तिथे काहीही.

डेस्कटॉप हलका निवडलाय. सुरू होऊन शांत बसला की चारशे एमबीच्या आत राहतो, म्हणजे दोन जीबीतली बरीच जागा तुला कामाला मोकळी. टायपिंगच्या सरावाला माउसपॅड. त्यात नुसता पांढरा कागद असतो, बाकी तुझ्याकडे कुणी काही मागत नाही. पत्रं आणि अर्ज सजवायला अबीवर्ड. हजेरीला ग्नुमेरिक. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ बघायला झथुरा. त्यात बटणं नाहीत, सगळं कीबोर्डवरून, तुला आवडेल. नव्या मुलींना बोटं बसवायला क्लावारो. आणि एचटॉप म्हणून एक आहे, काळ्या पडद्यावर रंगीत पट्ट्या. मशीनमध्ये कोण किती जागा खातंय ते त्यात दिसतं. बसून बघत राहण्यासारखं आहे.

ब्राउझर मात्र हलका नसतो, कुठलाच. एका वेळी एकच पान उघडायचं.

हे सगळं सरावासाठी हं. मान्यतेचं मी सांगितलंय तेच.

तुझा,
किडा


९ जुलै

चि. किड्यास,
अनेक आशीर्वाद, पूर्ण.

अकराच्या अकरा झाले. पहिल्याला अख्खी दुपार लागली, शेवटच्याला पाऊण तास. शिंपीण मदतीला होती. ती तुझा कागद वाचायची, मी टाइप करायचे. "इन्स्टॉल" दाबण्याआधी आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं. ती म्हणाली, "बाई, कापड कापताना पण असंच होतं. एकदा कात्री लावली की लावली."

आता बटण दाबल्यापासून अठ्ठेचाळीस सेकंदांत मशीन कामाला तयार. मी घड्याळ लावून बघितलं. रंगाच्या दुकानदाराची तक्रार आहे की मी हल्ली खाली येत नाही.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. मशीनच्या नावापुढे तू "काहीही" लिहिलं होतंस. नियम म्हणजे नियम. अकराही मशीनचं नाव आम्ही "काहीही" ठेवलं. मग वीजवाला सगळी एका जाळ्यात जोडायला आला तर पडद्यावर अकरा वेळा काहीही. तो जिन्यात जाऊन हसला. माझ्यासमोर हसला असता तर चालणार होतं. मग त्याने एक ते अकरा आकडे जोडून दिले.

माउसपॅडवर माझा जीव जडलाय. पूर्वीच्या प्रोग्राममध्ये काही टाइप करायला गेलं की तो मध्येच विचारायचा, हे नवीन बघायचंय का, ते सुधारून देऊ का. उंटावरचा शहाणा. हा गप्प बसतो. क्लावारोही बरा, चूक दाखवतो आणि उगाच शाबासकी देत नाही. झथुरा दोन मुलींना जमेना, "बंद कसं करायचं" म्हणून ओरडत होत्या. मी म्हटलं, क्यू दाबा आणि आवाज कमी करा.

मंडळाच्या वेबसाइटवरच्या सराव पानावर उतारा उघडून बघितला. उघडला, चालला, जमा झाला. शिंपीण मिनिटाला पस्तीस शब्दांवर गेली, पासला तीस लागतात. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मी मंडळाला पत्र लिहायला घेतलंय.

तुझी,
मावशी


१५ जुलै

ती. मावशीस,
सा. न.

मशीनं चालली, फार आनंद झाला. "काहीही"वर मी एकटाच बराच वेळ हसलो.

मंडळाला पत्र मात्र पाठवू नकोस. कलम चार तांत्रिक समितीने विचार करून ठरवलेलं असतं, त्याला कारणं असतात. तू लिहिलंस की चौकशी होते, उगाच नावं निघतात. झाकली मूठ राहू दे. शिंपीणबाईंचं मी बघतोय.

घाईत आहे.

तुझा,
किडा


२० जुलै

किड्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, लिहावेसे वाटले तर.

चौतीस वर्षं मी एकच काम केलंय. मूळ प्रत डावीकडे, नक्कल उजवीकडे, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून ताडून बघायचं. मंडळाला पत्र लिहिताना कलम चार समोर होतं. तो तेवीस पूर्णांक आठ दशांशाचा पडदा मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. नियम करणारा माणूस वीस म्हणेल, चोवीस म्हणेल. हा दशांश कुणाला सुचतो? आणि हा आकडा मी आधी कुठेतरी वाचला होता.

तुझी सगळी पत्रं मी फायलीत लावते. गेल्या वर्षी तुला बढती मिळाली तेव्हाचं पत्र काढलं. वाच, तुझेच शब्द: "मावशी, आता मला स्वतंत्र टेबल आहे. नवा कोरा कॉम्प्युटर, मेमरी सोळा जीबी, डिस्क पाचशे बारा, पडदा तेवीस पूर्णांक आठ दशांश इंच, आणि खुर्ची फिरती."

डावीकडे तुझं पत्र ठेवलं, उजवीकडे कलम चार. वयाची अट सोडली तर ओळीला ओळ जुळली. खुर्ची तेवढी कलमात यायची राहिली.

कलम बदलणार नाही हे तुला पहिल्याच पत्रात माहीत होतं. दुसऱ्या केंद्रात तुझी ओळख आहे. मंडळाला लिहिलं की कुणाची नावं निघतील याची काळजी तुला आहे. मला वाटत होतं, माझा भाचा मला म्हातारी समजतो. तेवढंच असतं तर मी हसून सोडलं असतं.

हे कलम तू लिहिलंस का? हो किंवा नाही, एवढंच कळव. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आमची आई म्हणायची. तुझी आईही म्हणायची.

मावशी


५ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

हो.

दोन आठवडे या एका अक्षरापुढे अडलो होतो. चार पत्रं लिहून फाडली. प्रत्येकात मी स्वतःला बरा दाखवत होतो.

मंडळाचा परीक्षेचा प्रोग्राम आमची कंपनी करते. मी त्याच विभागात आहे, हे तुला कधी सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून, की एकदम सांगू. नंतर भीतीने. गेल्या डिसेंबरात साहेब म्हणाले, केंद्रात कोणते कॉम्प्युटर हवेत ते संध्याकाळपर्यंत लिहून दे, मंडळाला पाठवायचंय. खरं तर प्रोग्राम जुन्या मशीनवर चालवून बघायला हवा होता. त्याला चार दिवस लागले असते. मी समोर बघितलं. माझंच मशीन होतं. त्याच्या खोक्यावरचा कागद उतरवून घेतला. पाच वर्षांची अट साहेबांनी वरून घातली, पण बाकीचं सगळं माझं. त्यावर समितीच्या सह्या झाल्या. कुणीही काही विचारलं नाही.

मावशी, मी मोजलं नाही. एवढंच खरं आहे. लिहिताना मला तुझा क्लास आठवलाही नाही. ज्या टेबलांखाली मी गृहपाठ केला, ती टेबलं मला आठवली नाहीत. तुझं जूनमधलं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा आठवली. तेव्हा खरं बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला झाडं दाखवली.

आता साहेब ऐकणार नाहीत. केंद्रं कमी झाली की देखरेख सोपी, असं त्यांचं म्हणणं. मी बोललो तर मला काढतील. काय करू ते कळत नाही.

किडा


९ ऑगस्ट

चि. किड्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी खिडकी बंद केली आणि रडले. लपवत नाही. मग खिडकी उघडली, कारण दहाची तुकडी आली होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तेव्हा तुला शिव्या देऊन माझंच तोंड दुखेल. पण माफी एवढ्यात मागू नकोस, ती मी देणार नाही. मला नक्कल करणाऱ्याचा राग येत नाही, ते माझं पोटपाणी आहे. पण नक्कल करायला समोर मूळ प्रत योग्य लागते. तू चुकीचा कागद समोर ठेवलास आणि अडीचशे केंद्रांना त्याची नक्कल करायला लावलीस.

काय करू विचारतोस. डिसेंबरात जे केलं नाहीस ते कर. मोज.

मी माझा भाग केलाय. अकरा मशीनं, प्रत्येकावर दहा-दहा उतारे. टाइप मुलींनी केले, मागे उभं राहून शिंपीण आणि मी मोजत होतो. एकशे दहा उताऱ्यांत मशीनने गिळलेलं अक्षर एकही नाही. चुका झाल्या त्या बोटांच्या, त्यांचा हिशेब मी बघेन. तक्ता ग्नुमेरिकमध्ये केलाय आणि छापून सोबत जोडलाय. हीच परीक्षा तू तुझ्या सोळा जीबीवर कर आणि माळ्यावरच्या लॅपटॉपवर कर.

आणि कलम कसं लिहायचं ते कळत नसेल तर मी टाइप करून दाखवते:

"यंत्राचे वय विचारू नये. परीक्षेचा उतारा त्यावर टाइप करून पाहावा. एकही अक्षर हरवले नाही, तर यंत्र पात्र समजावे."

तीन वाक्यं. संध्याकाळपर्यंतही लिहून झाली असती.

तुला काढतील म्हणतोस. काढू देत. तुझ्यासाठी टेबल आहे, खुर्ची मात्र फिरत नाही. मी मंडळाला पत्र टाकलेलं नाही. तुझं नाव माझ्या पत्रातून निघावं असं मला वाटत नाही. ते तुझ्या तोंडून निघावं असं वाटतं.

तुझी,
मावशी


३ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

चार दिवस रजा टाकून मोजलं. सराव पानावर, तुझ्यासारखेच दहा-दहा उतारे. माझ्या ऑफिसच्या मशीनवर उतारा दोन सेकंदांत उघडतो, माळ्यावरच्या लॅपटॉपवर पाच सेकंदांत. टाइप करताना दोन्हींत काडीचा फरक नाही. हरवलेली अक्षरं दोन्हीकडे शून्य.

साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे कुणी मागितलंय का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग?"

गेल्या आठवड्यात मंडळाची बैठक होती. मला फक्त पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला नेलं होतं. कलम चार आलं तेव्हा मंडळाच्या बाई म्हणाल्या, "पडदा तेवीस पूर्णांक आठ दशांशच का?" साहेब म्हणाले, तांत्रिक कारणं आहेत. आणि मावशी, मी उठलो. म्हणालो, "तांत्रिक कारण नाही. माझ्या टेबलावर तेवढा पडदा आहे. कलम मी लिहिलं. तेव्हा मोजलं नव्हतं. आता मोजलंय." आणि तुझा तक्ता आणि माझा तक्ता शेजारी शेजारी ठेवले. सांगितलं की तीन सेकंदांसाठी आपण अडीचशे केंद्रं बंद करतोय.

मग त्या बाईंनी तुझ्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "ही सगळ्या मशीनची नावं काहीही अशी का आहेत?" मी म्हटलं, तीही माझीच चूक. त्यांनी दोन्ही तक्ते स्वतःच्या फायलीत ठेवले आणि कलम नव्याने लिहून द्या म्हणाल्या. तिथेच बसून लिहून दिलं.

मला काढलं नाही. काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्या विभागातून उचलून तळघरातल्या भांडारात टाकलंय. टेबल नाही, खिडकी नाही. एकशे चाळीस जुने कॉम्प्युटर आहेत, त्यांची भंगारात काढायची यादी करायची, एवढंच काम. शिक्षा म्हणून मला जुन्या मशीनच्या खोलीत कोंडलंय, मावशी. यांना मी अजून कळलेलो नाही. नियमात एक ओळ आहे, भंगार ठरलेलं यंत्र शिकवणाऱ्या संस्थेने लेखी मागितलं तर देता येतं. नियम मी हल्ली नीट वाचतो. तू लेखी माग. टाइप करून, म्हणजे लोक घाबरतील.

नव्या कलमाचं काय होतं ते माहीत नाही. तुझ्या ओळखीच्या छोट्या केंद्रांचे पत्ते मात्र पाठवून ठेव.

तुझा,
किडा


१२ ऑक्टोबर

चि. किड्यास,
अनेक आशीर्वाद.

नवं परिपत्रक वीस सप्टेंबरला आलं. तपासनीस अठ्ठावीसला. मोठी टेप घेऊन आला होता, पडदे मोजायला. त्याला नवं परिपत्रक मिळालंच नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली, परिपत्रक दिलं आणि म्हटलं, टेप खिशात ठेवा, बसा आणि उतारा टाइप करा. तो म्हणाला, मला टाइप येत नाही. मग त्याच्यासमोर शिंपीण बसली. अकराही मशीनवर एकेक उतारा तिने त्याला करून दाखवला. नवव्या मशीनला त्याने हात जोडले, पण तिने अकरावं सोडलं नाही. सही करून गेला.

परीक्षा शुक्रवारी झाली. सातव्या मशीनचा कीबोर्ड सकाळीच रुसला, टाइपरायटरशेजारचा जादा होता तो लावला. बाकी सगळं सुरळीत. मला आत जायला परवानगी नव्हती, मी जिन्यात उभी होते. कुणाची बोटं कशी वाजतात ते मला भिंतीआडून कळतं. शिंपिणीची दहा मिनिटांत एकदाही अडली नाहीत. निकाल महिनाभराने. ती बाहेर आली, रंगाच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिथेच हमसून रडली. मग उठून आपलं शिलाईचं मशीन मांडायला गेली, गिऱ्हाईक थांबलं होतं.

तुझी वीस मशीनं पोचली. बारावं त्यातल्या सुट्या भागांवर सुरू झालं. बाकीची वीजवाला आणि मी मिळून सहा केंद्रांना वाटतोय. प्रत्येक मशीनबरोबर तुझ्या सव्वीस जूनच्या पत्राची नक्कल जाते. मशीनच्या नावाची ओळ मी तशीच ठेवलीय. तळघरात अजून एकशे वीस आहेत ना? अर्ज टाइप करून ठेवलेत, उद्या टाकते. साहेब विचारतील, हे कुणी मागितलंय का. सांग, मागितलंय, लेखी.

आता मुख्य काम. परिपत्रक आलं त्या दिवशीच मी नऊ ऑगस्टच्या पत्राचा कार्बन फायलीतून काढला. डावीकडे माझी प्रत, उजवीकडे नवं कलम चार. दोन्हींवर बोट ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहिलं. तीन वाक्यं. कुठे एक मात्रा इकडची तिकडे नाही. चार वर्षं तू माझ्या क्लासात दर उताऱ्यात मनचं काहीतरी घुसडलंस आणि मी तुला दर वेळी नापास केलं. या वेळी घुसडलं नाहीस.

हजेरीची जुनी वही काढली. तुझ्या नावापुढची जागा इतकी वर्षं कोरीच होती. त्यात लाल शाईने "पास" लिहिलंय.

तुझी,
मावशी